वादळापूर्वी वृक्षपरीक्षा

वादळ पूर्वसूचना देऊन येते, झाड मात्र अकस्मात कोसळते, असा सर्वसाधारण समज आहे. यांपैकी पहिली गोष्ट आता बरीचशी खरी झाली आहे. समुद्रावर निर्माण होणाऱ्या चक्रीवादळाचा संभाव्य मार्ग भारतीय हवामानशास्त्र विभाग काही दिवस आधी सांगू शकतो. दुसरी गोष्ट मात्र क्वचितच खरी असते. उन्मळून पडलेल्या झाडाची मुळे किंवा मोडलेल्या खोडाचा छेद पाहिला, तर तेथे बहुधा जुनी कूज, तुटलेली मुळे किंवा वर्षानुवर्षे रुंदावत गेलेली चीर आढळते. दोष वादळाच्या पूर्वीपासून तेथे असतो. वादळ तो केवळ उघड करते.

गेल्या काही वर्षांत याचा प्रत्यय देशाच्या दोन्ही किनाऱ्यांवर आला आहे. १२ डिसेंबर २०१६ रोजी ‘वरदा’ चक्रीवादळाने चेन्नई शहरातील, ३ मे २०१९ रोजी ‘फनी’ने पुरी व भुवनेश्वर येथील आणि २० मे २०२० रोजी ‘अम्फान’ने कोलकाता व दक्षिण बंगालमधील हजारो वृक्ष आडवे केले. त्यानंतर पंधरवड्याच्या आतच, ३ जून २०२० रोजी, ‘निसर्ग’ वादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले आणि तेथील नारळ, सुपारी व आंब्याच्या बागांची मोठी हानी झाली. भूप्रदेशावरील वादळे तर याहून कमी अवधी देतात. महाराष्ट्रातील वळीव, उत्तर भारतातील आंधी, बंगालमधील काळबैशाखी आणि आसामातील बरदैशिला ही काही तासांच्या, कधी काही मिनिटांच्या सूचनेवर येणारी वादळे होत. २ मे २०१८ च्या रात्री राजस्थान व उत्तर प्रदेशात आलेल्या धुळीच्या वादळात शंभराहून अधिक माणसे मृत्यू पावली. त्यांतील अनेक जण कोसळलेल्या भिंती, घरे व झाडे यांखाली सापडले होते.

अशा घटनांनंतर लोकांची वृत्ती दोन प्रकारची होते. काही जण सारे दैवावर सोपवितात, तर काही जण घाबरून अंगणातील निरोगी वृक्षही तोडून टाकतात. पहिल्या वृत्तीने जीवितहानी होते आणि दुसरीने साठसत्तर वर्षांची सावली एका दिवसात नाहीशी होते. या दोहोंमधला मार्ग म्हणजे झाडाची पद्धतशीर परीक्षा. तिचा पहिला भाग कोणताही गृहस्थ जमिनीवर उभा राहून, उपकरणांवाचून करू शकतो.

वारा झाडावर कसा कार्य करतो?

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० किलोमीटर वेगाचा वारा दुप्पट होऊन ताशी १२० किलोमीटर झाला, तर दाब दुप्पट नव्हे, सुमारे चौपट होतो. झाडाला स्वसंरक्षणाचा एक उपाय अवगत आहे. पाने मिटतात, डहाळ्या वाऱ्याच्या दिशेने वळतात आणि पर्णसंभाराचा आकार आवळला जातो. त्यामुळे प्रत्यक्ष भार गणितातील भारापेक्षा काहीसा कमी राहतो. तरीही उंच खोड हे तरफेसारखे काम करते. शेंड्याकडील पर्णसंभारावर पडलेला दाब संपूर्ण उंचीने गुणला जाऊन बुंध्यावर व मुळांवर येतो. म्हणून झाड दोन प्रकारे पडते: एक तर खोड किंवा फांदी मोडते, अथवा मुळांसह मातीचा गड्डा उपटून निघतो.

दुसऱ्या प्रकारात पावसाचा मोठा वाटा असतो. कोरड्या मातीचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात. माती पाण्याने संपृक्त झाली की ही पकड सैल होते. चार दिवस संततधार झाल्यावर पाचव्या दिवशीच्या साधारण वाऱ्यानेही झाड पडते, याचे कारण हेच होय.

परीक्षेचा आरंभ मुळांपासून

झाडाची मुळे जमिनीत जितकी खोल असतात असे वाटते, तितकी ती बहुधा नसतात. बहुतेक मुळे वरच्या एक मीटरच्या थरातच असतात. ती आडवी मात्र पर्णसंभाराच्या सावलीच्याही पलीकडे पसरतात. कोकणासारख्या प्रदेशात मातीचा थर पातळ असून खाली जांभा खडक असेल, तर मुळांना खोली आणखीच कमी मिळते.

यास्तव पाहणी करताना प्रथम बुंध्याभोवती पूर्ण फेरी मारावी. निरोगी झाडाचा बुंधा जमिनीत शिरताना रुंदावतो व त्यातून मुख्य मुळे फाकलेली दिसतात. बुंधा खांबासारखा सरळ जमिनीत गेलेला दिसल्यास तेथे भराव टाकला गेला आहे, असे समजावे. भरावाखाली मुळांना हवा मिळत नाही व सालीला कूज लागते. गावोगावी झाडांभोवती बांधलेले पार आणि शहरातील फरसबंदी यांमुळेही बुंध्याचा हाच भाग दृष्टीआड होतो. दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरच्या परिसरातील काँक्रीट काढून टाकण्याचा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिला, त्यामागे हीच चिंता होती.

पुढील चार गोष्टी विशेष लक्षपूर्वक पाहाव्यात. पहिली, बुंध्याजवळील मातीला पडलेली कमानीसारखी भेग किंवा एका बाजूने उचलली गेलेली जमीन. मुळांचा गड्डा हलू लागल्याचे हे चिन्ह असून ते अत्यंत गंभीर आहे. दुसरी, बुंध्यावर किंवा मुळांवर उगवलेली अळंबी अथवा कंगोऱ्यासारखी कठीण बुरशी. गॅनोडर्मा नावाची तपकिरी, वरून लाख चढविल्यासारखी चकचकीत दिसणारी बुरशी आपल्याकडे पुष्कळ झाडांच्या बुंध्यांवर आढळते. बाहेर दिसते ते तिचे केवळ फळ होय. तिचे तंतू आतील लाकडात आधीच पसरलेले असतात. तिसरी, जवळपास झालेले खोदकाम. जलवाहिनी, तारा किंवा कुंपणाच्या पायासाठी चर खणताना एका बाजूची मुळे तुटली, तर झाड हिरवे राहते, पण त्या बाजूचा आधार जातो. कुजण्याची क्रिया पुढे कित्येक वर्षे चालू राहते. ब्रिटनमध्ये बांधकामाच्या वेळी खोडाच्या व्यासाच्या १२ पट त्रिज्येचे वर्तुळ संरक्षित धरण्याची रीत आहे. या हिशेबाने अर्धा मीटर व्यासाच्या झाडापासून ६ मीटरच्या आत खोदू नये.

चौथी गोष्ट म्हणजे झाडाचा कल. प्रत्येक कललेले झाड धोकादायक नसते. लहानपणी प्रकाशाकडे झुकलेले झाड पुढे शेंडा पुन्हा आकाशाकडे वळविते, त्यामुळे त्याचे खोड धनुष्यासारखे वाकलेले दिसते. असे झाड कलत्या बाजूला साजेसे लाकूड व मुळे तयार करते आणि शतकभरही उभे राहते. याउलट संपूर्ण खोड शेंड्यासह सरळ रेषेत कललेले असेल आणि कलाच्या विरुद्ध बाजूची माती उचललेली असेल, तर तो कल नवा आहे. शंका असल्यास दोरीला दगड बांधून ओळंबा करावा, खोडाचे अंतर मोजून लिहून ठेवावे आणि महिन्याने पुन्हा मोजावे. अंतर वाढले असेल तर विलंब करू नये.

खोड आणि ढोलीचे गणित

खोडात ढोली दिसताच झाड संपले, असे मानण्याची प्रथा आहे. ती बरोबर नाही. खोडाचा मधला भाग मृत लाकडाचा असतो. जिवंत व पाणी वाहून नेणारा भाग बाहेरच्या कड्यांत असतो, आणि वाकण्याला होणारा प्रतिकारही मुख्यतः याच बाहेरच्या कड्यांतून येतो. पोकळ बांबू वाऱ्यात टिकतो तो याच नियमाने.

एक मीटर व्यासाचे खोड घेतले आणि त्याच्या मध्यभागी अर्धा मीटर व्यासाची पोकळी आहे असे मानले, तर वाकण्याविरुद्धची त्याची शक्ती केवळ ६ टक्क्यांनी कमी होते. पोकळी ७० सेंटीमीटर झाली, म्हणजे सभोवारची भिंत १५ सेंटीमीटर उरली, तर घट सुमारे २४ टक्के होते. पोकळी ९० सेंटीमीटरपर्यंत पोहोचली, तर मात्र शक्तीचा जेमतेम एकतृतीयांश भाग शिल्लक राहतो. नाश आरंभी अतिशय मंद आणि शेवटी अतिशय वेगवान, असा हा क्रम आहे. जर्मनीतील कार्ल्सरुह येथील संशोधक क्लाउस मॅथेक यांनी मोडलेल्या व उभ्या असलेल्या पुष्कळ झाडांची मोजणी करून एक स्थूल नियम सुचविला: उरलेल्या निरोगी भिंतीची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या सुमारे तीन दशांशांहून कमी झाली, तर मोडण्याचा धोका वाढतो. या नियमाच्या मर्यादांविषयी पुढे तज्ज्ञांत चर्चा झाली आहे. ढोलीचे तोंड उघडे असेल, पोकळी एका बाजूला सरकलेली असेल किंवा खोडाला उभी चीर असेल, तर भिंत जाड असूनही भरवसा धरता येत नाही.

कूज आतपर्यंत किती गेली आहे, याचा अंदाज लाकडी मोगरीने खोडावर हलके ठोके मारून येतो. भरीव लाकडाचा आवाज टणक येतो, पोकळ भागाचा ढोलासारखा घुमतो. तज्ज्ञ यासाठी ध्वनिलहरींची उपकरणे वापरतात. कुजलेल्या लाकडातून ध्वनी जाण्यास अधिक वेळ लागतो, या तत्त्वावर खोडाच्या छेदाचे चित्र तयार होते.

ढोली सिमेंटने भरण्याची जुनी पद्धत आता त्याज्य ठरली आहे. अमेरिकेच्या वनसेवेतील शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार झाडाची जखम मनुष्याच्या जखमेप्रमाणे भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती रासायनिक व पेशीमय तट उभारते आणि त्याच्या बाहेर नवे लाकूड घालते. ढोली साफ करण्यासाठी आतून खरवडले, तर हा तटच फुटतो आणि कूज निरोगी लाकडात शिरते. सिमेंट मात्र खोडाबरोबर वाकत नाही. ते आतून घासत राहते आणि पाणी कोंडून ठेवते.

खोडावरील गेरू व चुन्याच्या पट्ट्यांखालीही नजर टाकावी, कारण रंगामुळे चिरा झाकल्या जातात. सालीतून झिरपणारा काळपट द्रव, लाकडाचा भुसा आणि वाळवीची मातीची घरे ही सर्व आतील बिघाडाची चिन्हे होत. वाळवी बहुधा मृत लाकडाकडे वळते, म्हणून ती दिसली की आत मृत लाकूड किती आहे, हा प्रश्न विचारावा.

बेचके आणि फांद्या

दोन सारख्या जाडीची खोडे जेथे फुटतात, ते बेचके नीट न्याहाळावे. बेचके रुंद व गोलाकार असेल, तर दोन्हींचे लाकूड एकमेकांत गुंफलेले असते. ते अरुंद व खाचेसारखे असेल, तर दोन खोडांच्या मध्ये सालच अडकून पडलेली असते. तेथे लाकूड जुळलेले नसते. दोन भाग केवळ एकमेकांना टेकलेले असतात आणि दरवर्षी जाड होत एकमेकांना दूर ढकलतात. अशा बेचक्याखाली उभी चीर दिसली, तर पुढील मोठ्या वाऱ्यात झाड दुभंगण्याचा संभव असतो.

वाळलेली फांदी वादळाची वाट पाहतेच असे नाही. ३० सेंटीमीटर जाडीचा आणि ४ मीटर लांबीचा ओल्या लाकडाचा तुकडा अडीचशे ते तीनशे किलोग्रॅम भरतो. पाने नसलेल्या, साल सुटलेल्या, तसेच मोडून अर्धवट लटकणाऱ्या फांद्या पावसाळ्यापूर्वीच काढाव्यात. आंब्यावर व इतर झाडांवर वाढणाऱ्या बांडगुळाकडे दुर्लक्ष करू नये. ते फांदीचे पोषण घेते, तिचा शेंडा वाळविते आणि वाऱ्याला पृष्ठभाग वाढवून देते.

पूर्वी कधी सरसकट छाटलेल्या झाडाविषयी विशेष सावधगिरी बाळगावी. मुख्य फांद्या मध्येच तोडल्या की त्या टोकांवर धुमाऱ्यांचे झुबके फुटतात. ते झपाट्याने वाढतात, परंतु फांदीच्या वरच्या थरालाच चिकटलेले असतात, आणि त्यांच्या खालचे तुटलेले टोक कुजत जाते. वादळाच्या भीतीने केलेली बेसुमार छाटणी अशा रीतीने काही वर्षांनी स्वतःच धोका उत्पन्न करते.

जातीचा स्वभाव आणि माडाची गोष्ट

झाडाची जात हीही एक सूचना असते. मूळ मादागास्करचा गुलमोहर, अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातून आलेला पर्जन्यवृक्ष आणि आग्नेय आशियातील पीतमोहर हे तिन्ही आपल्या शहरांत सावलीसाठी विपुल लावले गेले. ते लवकर वाढतात. त्यांचा पर्णसंभार विस्तृत, पण फांद्या तुलनेने ठिसूळ असतात. बंगालमध्ये ज्यांना कृष्णचूडा व राधाचूडा म्हणतात, ते गुलमोहर व पीतमोहर कोलकात्यात ‘अम्फान’च्या वेळी मोठ्या संख्येने पडले. शेवग्याचे लाकूड इतके मऊ असते की त्याची फांदी घरावर येऊ देणेच चुकीचे होय. तथापि केवळ जातीवरून निवाडा करू नये. मोकळ्या मातीतील निरोगी गुलमोहर हा काँक्रीटमध्ये जखडलेल्या, मुळे तुटलेल्या कडुनिंबापेक्षा अधिक सुरक्षित असू शकतो.

माडाची परीक्षा वेगळ्या रीतीने करावी लागते. माडाच्या खोडाला बाहेरून जाडी वाढविणारा थर नसतो. त्यामुळे त्याला पडलेली खाच किंवा भोक कधीही बुजत नाही. त्याचे लवचिक खोड वारा उत्तम सहन करते, पण सोंड्या भुंग्याच्या अळ्यांनी आतून पोखरलेला माड अचानक मोडतो. खोडावरील छिद्रे, त्यांतून ओघळणारा तांबूस तपकिरी द्रव आणि बाहेर पडलेला चोथा या त्याच्या खुणा होत. प्रादुर्भाव अधिक असल्यास खोडाला कान लावला असता अळ्यांच्या कुरतडण्याचा आवाजही ऐकू येतो. निरोगी माडाचे पिकलेले नारळ व सुकलेल्या झावळ्या मात्र वादळाच्या ऋतूपूर्वी उतरवून घ्याव्यात, कारण वाऱ्यात ती अस्त्रेच बनतात.

धोका कोणाला?

दोष आणि धोका या दोन भिन्न गोष्टी आहेत. ओसाड माळाच्या कडेला उभे असलेले पोकळ झाड घुबडांना व पोपटांना घर देते. ते कोणाचेही काही बिघडवीत नाही. तेच झाड शाळेच्या प्रांगणात, झोपण्याच्या खोलीच्या छपरावर, गोठ्याजवळ किंवा विजेच्या तारांलगत असेल, तर त्याचा निर्णय लांबणीवर टाकता येत नाही. म्हणून प्रत्येक झाडाविषयी तीन प्रश्न विचारावेत: कोणता भाग पडू शकेल? तो पडल्यास कोठे पडेल? आणि तेथे कोण, किती वेळ असते? झाडाखालील बाक, वाहन किंवा गोठा दुसरीकडे हलविणे हा पुष्कळदा सर्वांत स्वस्त उपाय असतो.

झाड राखावयाचे ठरल्यास प्रथम मृत व लटकत्या फांद्या काढाव्यात, नंतर लांब फांद्यांचा भार टोकाकडून माफक कमी करावा. मोठी फांदी तीन छेदांनी कापावी. पहिला छेद खोडापासून थोड्या अंतरावर खालच्या बाजूने अर्धवट घ्यावा, दुसरा त्याच्या किंचित पुढे वरून घेऊन फांदी पाडावी, आणि तिसऱ्या छेदाने उरलेला खुंट फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेर कापावा. पहिला छेद नसल्यास पडणारी फांदी खोडाची साल ओरबाडून नेते; फुगीर कडे कापले गेल्यास जखम बंद करणारा भागच नष्ट होतो. उंचावरील काम, तसेच विजेच्या तारांजवळील कोणतेही काम घरच्या घरी करू नये.

कायद्याचाही विचार करावा लागतो. महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यान्वये आणि दिल्लीत १९९४ च्या कायद्यान्वये, स्वतःच्या आवारातील झाड तोडण्यासही पूर्वपरवानगी आवश्यक आहे. इतर अनेक राज्यांतही अशा तरतुदी आहेत. परवानगीस वेळ लागतो. म्हणून आकाशात ढग जमल्यावर अर्ज करण्यापेक्षा फेब्रुवारी-मार्चमध्येच पाहणी करून छायाचित्रांसह अर्ज करणे श्रेयस्कर.

प्रत्यक्ष वादळात झाडाखाली आसरा घेऊ नये, ते तोडण्याचा किंवा बांधण्याचा प्रयत्नही करू नये. वादळ सरल्यावर पडलेल्या झाडाखाली तारा नाहीत, याची खात्री झाल्याशिवाय त्याला स्पर्श करू नये. दाबाखाली वाकलेली फांदी कापताच उसळते. तीही अनुभवी माणसासाठी सोडावी. उभ्या राहिलेल्या झाडांची मात्र त्याच आठवड्यात पुन्हा परीक्षा करावी, कारण एका वादळात सैल झालेली मुळे दुसऱ्या वादळात निखळतात.

जुना वृक्ष सदोष असूनही किती टिकू शकतो, याचे उदाहरण हावड्याजवळील शिवपूरच्या वनस्पती उद्यानात आहे. तेथील महावटाला १८६४ व १८६७ च्या चक्रीवादळांचा तडाखा बसला. पुढे मुख्य खोडाला बुरशीची कूज लागली आणि १९२५ मध्ये ते खोडच काढून टाकावे लागले. तरीही तीन हजारांहून अधिक पारंब्यांच्या आधारावर तो वृक्ष वाढत राहिला. २०२० च्या ‘अम्फान’ने त्याचा काही भाग मोडला, पण वृक्ष उभा आहे. त्या वेळी कुजलेला भाग ओळखून तेवढाच काढला गेला आणि उरलेल्याला पारंब्यांचा आधार मिळू दिला गेला.

प्रत्येक अंगणात महावट नसतो, परंतु पाहणीची रीत तीच आहे. वर्षातून दोनदा, एकदा पानगळीत फांद्या उघड्या असताना आणि एकदा पहिल्या पावसानंतर बुरशी उगवते तेव्हा, प्रत्येक मोठ्या झाडाभोवती फेरी मारावी. मुळे, बुंधा, खोड, बेचके व फांद्या या क्रमाने पाहावे, आणि दिसेल ते तारखेसह वहीत टिपून ठेवावे. एका वर्षाच्या नोंदीवरून झाडाविषयी थोडेच कळते. पाच वर्षांच्या नोंदींवरून मात्र भेग रुंदावली का, कल वाढला का, शेंडा विरळ झाला का, हे निश्चित सांगता येते. आणि कोणते झाड तोडावे यापेक्षाही, कोणते निर्धास्तपणे राहू द्यावे, याचे उत्तर त्यातूनच मिळते.